सागाचे ठोकळे: चंद्रपूर ते धानोरा

चंद्रपूरला बाहेरगावचे पाहुणे येतात ते ताडोब्यासाठी. वाघ दिसला की खूश, नाही दिसला की आमच्या उन्हाला नावं ठेवत परत! आमच्याकडे वाघाखेरीज पाहण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं तर मी सांगते, लाकूड बघा. चंद्रपूर आणि गडचिरोली हा मुळात एकच जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा झाला, पण जंगलाला ती रेघ कुठं कळते? आलापल्लीचा साग, बल्लारपूरचा लाकडाचा डेपो, डेपोतल्या ओंडक्यांच्या थप्प्या आणि प्रत्येक ओंडक्यावर ठोकलेले आकडे हे पाहत आमची मुलं मोठी होतात. अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान गेलं तेही इथूनच. मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून त्या लाकडाची मिरवणूक निघाली तेव्हा रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती.

आता ह्याच गावांतल्या घरांत जाऊन बघा. दारं सागाची, चौकटी सागाच्या, बैठकीतला दिवाण सागाचा, आणि पोरांच्या हातात मात्र जत्रेतल्या प्लॅस्टिकच्या विटा! त्या एकमेकींत नीट बसत नाहीत आणि आठ दिवसांत अर्ध्या सोफ्याखाली जातात. प्लॅस्टिकशी माझं वैर नाही, बरं का. डेन्मार्कच्या ज्या कंपनीच्या विटा जगभर गेल्या, तिचा मूळ पुरुष सुतारच होता. १९३२ पासून लाकडी खेळणी करत होता, आणि त्यांच्या टक्कन बसणाऱ्या विटांचं पेटंट १९५८ चं. त्या विटा उत्तमच असतात, फक्त आपल्यासारख्यांच्या महिन्याच्या हिशेबात बसत नाहीत. आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला टक्कन बसणारं काही लागतही नाही. त्याला सुटे, जड, एका मापाचे ठोकळे हवे असतात.

हे मी पुस्तकी बोलत नाही. सकाळचे अडीच तास मी एका बालवाडीत शिकवते आणि उरलेला दिवस घरचं बघते. घरी पाच वर्षांचा मुलगा आहे. मागच्या वर्षी त्याच्या प्रगतिपुस्तकात शेरा आला, ‘लेखन कच्चे. बोटांत जोर नाही. मूल मागे पडत आहे.’ पाच वर्षांचं मूल कुणाच्या मागे पडतं हो? पण शेरा तो शेराच. त्या रात्री आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही. सासूबाई म्हणाल्या, शिकवणी लावा. हे म्हणाले, शाळा बदलू. शेजारच्या वहिनींनी तर वहीच आणून दिली, रोज एक ते शंभर दोनदा लिहून घ्या म्हणाल्या. मी बालवाडीत रोज पंचवीस मुलांची बोटं पाहते. बोटांत जोर पेन्सिलीनं येत नाही, तो आधी यावा लागतो आणि मग पेन्सिल धरता येते. कणीक मळणं, शेंगा सोलणं, उचलणं, तोलणं, अलगद ठेवणं ह्यातून तो येतो. म्हणून वही कपाटात टाकली आणि दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या वाढईकाकांकडे गेले. (सुताराला आमच्याकडे वाढई म्हणतात.)

वाढईकाकांच्या आरा मशीनपाशी छाटलेल्या तुकड्यांचा ढीग नेहमीच असतो. चौकटीचे शेंडे, फळीच्या कडा, वीतभर, चार बोटं, कसेही. हे सगळं पोत्यानं जळणाला जातं. मी ते मागितले तर ते हसायलाच लागले.

“बाई, हे तं चुलीत जाते. तुमाले कायले पायजे?”

“पोरांना खेळायला, काका. पण सगळे एका मापात कापून द्या.”

“खेळाले आन् मापात?” त्यांनी गुण्या कानामागच्या पेन्सिलीनं खाजवला आणि म्हणाले, “मापात कापाले टाइम लागते, बाई. थे तुकडे फुकट, पण माप फुकट नाही.”

तेवढं त्यांचं खरं होतं. ह्या खेळाचा सगळा जीव मापात आहे. आमचं माप असं ठरलं: जाडी सव्वा इंच, रुंदी अडीच इंच, लांबी पाच इंच. म्हणजे रुंदी जाडीच्या दुप्पट आणि लांबी रुंदीच्या दुप्पट. हा झाला पुरा ठोकळा. त्याचा अर्धा अडीच इंच लांब, चौकोनी. त्याची दुप्पट दहा इंच, तिला आम्ही पट्टी म्हणतो. अर्ध्याला कोपऱ्यातून कोपऱ्यात कापलं की दोन त्रिकोण. वीस पुरे, दहा अर्धे, सहा पट्ट्या आणि आठ त्रिकोण एवढे केले. एक पुरा ठोकळा दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम भरतो, सगळं मिळून सात किलोच्या आसपास. हे वजन मुलाला कळायला हवं. प्लॅस्टिकची वीट हातात आहे की नाही हेच समजत नाही. सागाची उचलली की मनगट जागं होतं.

वाढईकाकांना एकच गोष्ट दोनदा सांगितली. प्रत्येक तुकडा टेप लावून वेगळा मोजू नका, फळीवर एक अडण ठोका आणि सगळे पुरे तिथंच टेकवून कापा. एकेक मोजला की केसाकेसाचा फरक पडतो, आणि दहा थर चढले की भिंत कलते. मुलाला वाटतं आपलंच चुकलं, आणि असं दोन-तीनदा झालं की ते खेळच सोडून देतं.

हे एक-दोन-चारचं प्रमाण माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. बालवाडीच्या शिक्षणक्रमात आम्ही फ्रोबेलचं नाव पाठ केलं होतं, पण त्याचं गाव कसं होतं ते कुणी सांगितलं नव्हतं. फ्रेडरिक फ्रोबेल जर्मनीतल्या थुरिंगियाचा, म्हणजे जंगलाच्याच मुलखातला. पंधराव्या वर्षी त्याला एका वनाधिकाऱ्याच्या हाताखाली उमेदवारीला ठेवलं होतं. पुढं बर्लिनच्या संग्रहालयात तो स्फटिकांचं काम करायचा. झाडं मोजणारा आणि दगडांचे पैलू पाहणारा हा माणूस मुलांकडे वळला आणि १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्गला त्यानं लहान मुलांची शाळा काढली. तिथल्या खेळण्यांना तो ‘भेटी’ म्हणायचा. तिसरी भेट म्हणजे दोन इंची लाकडी घन, त्याचे आठ लहान घन केलेले. चौथ्या भेटीत तोच घन आठ विटांत कापलेला, प्रत्येक वीट दोन इंच लांब, एक इंच रुंद, अर्धा इंच जाड. म्हणजे आपलंच प्रमाण! पुढं न्यूयॉर्कला कॅरोलाइन प्रॅट नावाच्या, सुतारकाम शिकवणाऱ्या बाईंनी हेच प्रमाण ठेवून विटा मोठ्या केल्या, मुलांना जमिनीवर बसून दोन्ही हातांनी उचलता याव्यात म्हणून. आजही जगभरच्या बालवाड्यांत लाकडी ठोकळे बहुतेक ह्याच मापाचे असतात.

ठोकळे घरी आले तेव्हा कोपरे टोचत होते. अंगणात बसून पॉलिश पेपरनं घासायचं काम मी आणि सासूबाईंनी केलं. (हो, ज्या शिकवणी लावा म्हणत होत्या त्याच. हातात काम आलं की त्यांना गप्पा सुचतात आणि मतं विसरतात.) घासताना तोंडाला पदर बांधा. सागाची बारीक भुकटी नाकात गेली की दिवसभर शिंका.

रंगाचा प्रश्न येतोच. मुलांना रंगीत हवं असतं आणि आयांनाही. माझं मत असं की निम्म्याहून जास्त ठोकळे लाकडाच्याच रंगाचे ठेवावेत. सगळेच भडक झाले की मुलं नुसतं लाल-लाल वेगळं करत बसतात आणि बांधणं राहून जातं. आम्ही अर्धे आणि त्रिकोण तेवढे रंगवले. पिवळा हळदीचा, केशरी पळसफुलांचा. होळीसाठी वाळवलेली फुलं घरात होतीच. ती उकळून त्या पाण्यात त्रिकोण रात्रभर बुडवले. दोन्ही रंग उन्हात फिके होतात हे आधीच सांगते, पण पुढच्या फाल्गुनात पुन्हा फुलं आहेतच की. लाल आणि निळा हवा असेल तर खेळण्यांसाठी म्हणून मिळणारा रंगच घ्या. माळ्यावरचा जुना, अर्धा उरलेला ऑइलपेंटचा डबा काढू नका. घरगुती रंगांत शिसं किती चालेल ह्यावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती नोव्हेंबर २०१७ पासून, दहा लाख भागांत ९० भाग. त्याआधीच्या डब्यात काय आहे कोण जाणे, आणि मूल तर ठोकळा तोंडात घालणारच.

शेवटचा हात जवसाच्या तेलाचा. आपण चटणीला वापरतो तोच जवस. कापडाला थोडं तेल लावून चोळायचं आणि दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्यायचं. लाकडाची रेघ अशी उठून येते की बघत राहावं. एक मात्र लक्षात ठेवा. जवसाच्या तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना गरम होतं आणि गोळा केलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. दोरीवर पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून मग टाका.

पहिले चार दिवस आमच्या चिरंजीवांनी काहीच बांधलं नाही. नुसते ठोकळे ह्या खोलीतून त्या खोलीत न्यायचे, खेळण्यातल्या ट्रकमध्ये भरायचे, ओतायचे. ह्यांनी विचारलं, “ह्यासाठी खटाटोप?” पण मुलं अशीच सुरुवात करतात. हॅरिएट जॉन्सन ह्या अमेरिकन बाईंनी १९३३ मध्येच ह्यावर पुस्तक लिहून ठेवलंय: आधी नुसतं वाहणं, मग ओळी आणि मनोरे, मग दोन खांबांवर आडवी पट्टी, मग कुंपण, मग नक्षी, आणि शेवटी खऱ्याखुऱ्या वस्तू, नाव देऊन. आपण मध्ये पडून लगेच घर बांधून दाखवलं की मूल मधल्या पायऱ्या गाळतं आणि मग आपल्यालाच सांगत बसतं, “आई, तू कर.”

पाचव्या दिवशी पूल झाला. दोन आठवड्यांनी भिंत. आमचं घर कोटाच्या आत, म्हणजे गोंड राजांनी गावाभोवती बांधलेल्या परकोटाच्या आत. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर अशी चार दारं आणि मध्ये लहान खिडक्या. आमच्या बगड खिडकी, विठोबा खिडकी त्यातल्याच. जटपुरा गेटमधून रोज शाळेची रिक्षा जाते. एका रविवारी बैठकीत परकोट उभा राहिला, चार दारांसकट. पट्टी आडवी टाकून कमान झाली, पण दारातून तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी काही जाईना, शिंगं अडायची. (विदर्भाबाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमची मुलं चाकांचे लाकडी बैल सजवून घरोघर नेतात.) मग दोन्ही बाजूंना एकेक अर्धा ठोकळा चढवून दार उंच केलं. मी स्वयंपाकघरातून बघत होते. तीनदा पट्टी पडली, तीनदा उचलली. त्याच बोटांना म्हणे जोर नाही!

दिवाळीच्या सुट्टीत गडचिरोलीला जायचं ठरलं. माझी मोठी नणंद, आमच्या ताई, तिथं अंगणवाड्यांच्या मुख्यसेविका आहेत. फोनवर ठोकळ्यांचं ऐकून म्हणाल्या, “एक पोतं माझ्यासाठीही आण गं. आमच्या पोरांपुढं टाकून बघू.” वाढईकाकांनी दुसरा संच केला आणि ह्या वेळी त्रिकोण जरा बरे कापले.

चंद्रपूर ते गडचिरोली ऐंशी किलोमीटर. मूलच्या रस्त्याला लागलं की वीज केंद्राची धुराडी मागे पडतात आणि जंगल सुरू होतं. वाटेत चिचपल्ली लागतं. तिथं २०१४ पासून बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे आणि आमच्या भागातल्या कितीतरी बायका तिथं बांबूकाम शिकल्या आहेत. पुढं मूल, सावली, दोन्ही बाजूंना धानाची शेतं. कापणी चालू होती, त्यामुळे एसटी दर फाट्यावर थांबत होती आणि विळे घेतलेल्या बायका चढत-उतरत होत्या. माझ्या पायाशी सात किलोचं पोतं. कंडक्टरनं विचारलं, “तांदूळ काय?” ठोकळे म्हटल्यावर त्यानं एक काढून बघितला, वास घेतला आणि म्हणाला, “सागच आहे.” आमच्याकडे कंडक्टरलाही लाकडाची पारख! वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली. नदीला पाणी चांगलं होतं.

दुसऱ्या दिवशी ताईंबरोबर धानोऱ्याच्या वाटेवरच्या एका गावात गेलो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढं एका लेकराची गोष्ट आहे. स्वच्छ सारवलेलं अंगण, एक खोली, भिंतीवर वजनाचा तक्ता, मागं खिचडीचा धूर. तुम्हांला ठाऊक आहे का, ‘अंगणवाडी’ हा शब्द सरकारी योजनेच्या कितीतरी आधीचा आहे? ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. गरीब वस्तीतली मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, आणि १९५७ पासून दोघी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत राहिल्या. माँटेसोरीबाईंची सुबक, महागडी साधनं ताराबाईंना उत्तम माहीत होती. पण खेड्यात त्यांनी दगड, शिंपले, पानं, बिया घेतल्या आणि शिकवायचं तेच शिकवलं. सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली ती २ ऑक्टोबर १९७५ ला, आणि शब्द ताराबाईंचा राहिला.

तिथल्या सेविका चांगल्या होत्या. चामोर्शीकडून सून होऊन आलेल्या, हौशी. मुलं अठरा, त्यांतली निम्म्याहून जास्त घरी गोंडी बोलणारी. सेविकाबाईंना गोंडी येत नव्हती. कोपऱ्यात एक साडेचार वर्षांची मुलगी भिंतीला टेकून बसली होती. तिच्याकडे बघून त्या हळूच म्हणाल्या, “ही बोलतच नाही, मॅडम. वर्ष झालं. हो नाही, नाही नाही.” वहीत तशी नोंदही होती. ताई मला म्हणाल्या, पुढच्या आरोग्य तपासणीत हिचे कान दाखवायचे आहेत. आईला निरोप गेला होता आणि आई धास्तावली होती. मुकी म्हणून शिक्का बसला तर पोरीचं पुढं कसं, असं तिनं कुणाकरवी विचारलंही होतं.

पोतं ओतलं. आवाजानंच मुलं गोळा झाली. पहिला अर्धा तास नुसता दंगा. मुलग्यांनी मनोरे रचले आणि पाडले, पुन्हा रचले. दोघांचं एका पट्टीवरून भांडण झालं. ती मुलगी शेवटी उठली. कुणाला काही न विचारता तिनं कडेला पडलेले पुरे ठोकळे उभे करायला सुरुवात केली, बोटभर अंतरावर एकेक. चौकोनी कुंपण झालं. आत चार ठोकळे उभे, त्यावर दोन पट्ट्या शेजारी शेजारी. मला वाटलं टेबल असेल. मग तिनं त्यावर वाळकं गवत पसरलं आणि एक लाल त्रिकोण मध्ये बसवला, जणू माणूस. तेव्हा लक्षात आलं. ते शेतातलं मचाण होतं! रानडुकरं धान खातात म्हणून रात्री राखणीला बसतात ते. वाटेनं आम्ही चार-पाच पाहिली होती.

कुंपणाच्या एका बाजूला ठोकळे संपले. शिल्लक होते ते फक्त अर्धे. तिनं एक अर्धा उभा केला, बुटका पडला. डुक्कर उडी मारून येणार! तिनं त्यावर दुसरा अर्धा ठेवला. शेजारच्या पुऱ्याशी हात लावून उंची पाहिली. बरोबर! मग आणखी एक जोडी, आणखी एक. आणि मग बोट ठेवत ठेवत, अगदी स्पष्ट आवाजात, “उंदी, रंड, मुंद, नालुंग, सयुंग...”

खिचडीची पळी हातात घेऊनच मदतनीस दारात आली. “बाई, थे मोजून रायली! आमच्या बोलीत मोजून रायली.” सेविकाबाई नुसत्या बघत राहिल्या. मदतनीस गोंडीच बोलणारी, पण ती दिवसभर चुलीपाशी आणि मुलं पुढच्या खोलीत. मग ती पळी ठेवून तिथंच बसली आणि मुलीला काहीतरी विचारलं. मुलगी बोलायला लागली ती थांबेचना! मदतनीस मध्ये मध्ये आम्हांला सांगत होती. हा तिचा आजा, रात्री राखण करतो. हे घुबड (हा दुसरा त्रिकोण). इथून डुक्कर येतो, म्हणून इथं दोन-दोन लावले. कानांचं काय बोलता, तिला सगळं ऐकू येत होतं. तिच्याशी तिच्या बोलीत कुणी बोललं नव्हतं एवढंच.

ताईंनी तिथंच वहीतली नोंद बदलली. ‘गोंडी उत्तम बोलते. पाचपर्यंत मोजते. दोन अर्धे मिळून एक हे स्वतः शोधले.’ आणि सेविकाबाईंना सांगितलं, रोज खिचडी शिजत असताना अर्धा तास मदतनीस मुलांत बसेल, ठोकळ्यांपाशी, आणि तेवढा वेळ चुलीकडे सेविकाबाईंनी बघायचं. “मी बघू चुलीकडे?” त्या जरा फुगल्या. पण जाताना पाहिलं तर त्या स्वतःच मदतनिसाला विचारत होत्या, सहाला काय म्हणता गं?

परतताना मेंढा गावावरून गेलो. लेखाजवळचं हे लहानसं गोंड गाव तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल. २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांतलं, आणि २०११ पासून आपला बांबू आपण विकणारं. रस्त्याकडेला बांबू पाहून ताईंना सुचलं, ठोकळ्यांना गोल खांब हवेत. बांबूच्या दोन पेरांमधला तुकडा कापला की नळी मिळते, पेर ठेवून कापला की एका बाजूनं बंद वाटी. नळीतून गोट्या जातात, वाटीत धान्य भरता येतं. ओळखीच्या एका बुरडाकडून आम्ही पुऱ्या ठोकळ्याच्याच उंचीच्या वीस नळ्या कापून घेतल्या. तो म्हणाला, हिवाळ्यात तोडलेलाच बांबू घ्या, पावसाळ्यातल्याला भुंगा लवकर लागतो. कडा मात्र दोनदा घासाव्या लागतात, बांबूची कूस बोटात गेली की निघता निघत नाही.

चंद्रपूरला आल्यावर बालवाडीतल्या आया विचारायला लागल्या, त्यांना सांगितलं तेच तुम्हांलाही सांगते. तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर दोन इंचांहून लहान काही देऊ नका आणि त्रिकोण बाजूला ठेवा. विकतचा संच घेणार असाल तर आयएसआयची खूण बघा, १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना ती सक्तीची आहे. लाकूड आरा मशीनवरूनच घ्या. जंगलातून उचलून आणलेला सागाचा तुकडा कितीही लहान असला तरी तो गुन्हा आहे. ठोकळे ठेवायला झाकणाचा डबा नको, उघडी फळी बरी, आणि पुरे, अर्धे, पट्ट्या वेगवेगळ्या रचून ठेवायला मुलालाच लावा. अर्धं गणित त्या आवरण्यात होतं. बांधलेलं लगेच मोडायला लावू नका. आमच्या बैठकीत परकोट तीन दिवस होता आणि पाहुणे त्याला वळसा घालून बसले. पाहुण्यांचं काही बिघडलं नाही.

आणि “हे काय केलंस?” असं विचारू नका. मुलं मग आपल्याला आवडेल ते उत्तर देतात. “ही पट्टी कशी काय पडत नाही रे?” असं विचारा आणि पोळपाटाकडे वळा. सांगायचं असेल तर मागं मागं येऊन सांगेल.

आमच्या मुलाच्या बोटांबद्दल विचाराल तर पेन्सिल आता बरी धरतो. अक्षर अजून डोंगर चढल्यासारखंच आहे. नव्या प्रगतिपुस्तकात काय येतं ते येईल.

गेल्या आठवड्यात ताईंचा फोन आला. चार अंगणवाड्यांत मिळून दोन संच फिरतात आणि सगळीकडून एकच तक्रार, त्रिकोण पुरत नाहीत. चंद्रपूरच्या मुलांना भिंती आणि दारं लागतात, तिकडच्या मुलांना आधी छप्पर लागतं. प्रत्येक घराला उतरतं छप्पर, गोठ्याला छप्पर, मचाणालाही छप्पर. आठ त्रिकोणांत काय होणार? वाढईकाकांकडे गेले तर म्हणाले, “तिरपा काप हातानंच माराले लागते, बाई. मशीनवर धरलं तं बोट जाते.” बत्तीस त्रिकोणांना आठ दिवस मागितलेत. पळसफुलं संपली आहेत, तेव्हा हे सगळे हळदीचे.